बुधीबाईचं खोटं

बुधी हिलमच्या डोक्याला मी तीन वेळा टाके घातले. पहिल्यांदा नऊ, दुसऱ्यांदा सहा आणि तिसऱ्यांदा अकरा. पहिला मार फॉरेस्टच्या गार्डचा, दुसरा खोताच्या माणसांचा आणि तिसरा तिच्या सख्ख्या नवऱ्याचा. नियम विचाराल तर नर्सने टाके घालायचे नसतात. पण मंडणगड तालुक्यातल्या आमच्या त्या आरोग्य केंद्रात डॉक्टर आठवड्यातले चार दिवस मीटिंगला असायचे, आणि फुटलेलं डोकं मीटिंग संपेपर्यंत थांबत नाही.

मी मूळची मांडवीची, समुद्राकाठची. रत्नागिरी शहरात आयुष्य गेलं असतं, पण जीभ नडली. एका साहेबाला चारचौघांत नको ते सुनावलं आणि १९९८ साली माझी उचलबांगडी जिल्ह्याच्या पार वरच्या टोकाला झाली. आल्या दिवशी शिपायाने मला काय सांगितलं असेल? "सिस्टर, कातकरी आले की टेबलावरचं सामान कपाटात ठेवायचं." सांगायला लाज वाटते, पण मी ठेवत होते.

बुधी पहिल्यांदा आली तीही चालतच. अर्ध्या कोसावरच्या माळावरून, डोक्यावर कसलासा चावलेला पाला दाबून धरलेला, आणि रक्त कानामागून उतरून पदराला लागलेलं. वय पन्नाशीच्या आसपास, अंगाने काटकुळी. सरपणाच्या मोळीत खैराचं एक लाकूड सापडलं म्हणून गार्डने काठी घातली होती. मला बघून म्हणाली, "बाय, तू शिवतंस काय? गोधडी शिवतात तशी शीव, लांब लांब घालू नको."

मी तिला स्टुलावर बसवली आणि सवयीने मनगटावरचं घड्याळ काढून कपाटात टाकलं. ती बघत होती. मी सुई हातात घेतल्यावर म्हणाली, "घड्याळ भायेर ठेव गो. किती वेळ लावतंस ते मला बघूं दे."

मी कपाट उघडलं. घड्याळ बाहेर काढून तिच्या समोर ठेवलं. तिला वेळ बघता येत नव्हता हे मला पुढे कळलं. भूल द्यायचं औषध संपलेलं होतं. नऊ टाके तिने उलटी बिडी ओढत घालून घेतले, म्हणजे पेटतं टोक तोंडाच्या आत आणि धूर नाकातून. एकदाही हुं की चूं केलं नाही. उठताना मात्र म्हणाली, "हात जड हाय तुझा."

ती सगळ्यांना एकेरीत हाक मारायची. मला तू, डॉक्टरला तू, फौजदाराला तू आणि खोतालाही तू. लोकांना वाटायचं कातकरीण माजली. माज कसला! तिच्या बोलीत देवालाही तूच म्हणतात. मीसुद्धा तिला अगो-तुगो करायचे, पण माझं आणि तिचं सारखं नव्हतं. माझ्या 'तू'मध्ये सरकारी खुर्ची होती. ते मला कळायला दोन वर्षं लागली. मग मी तिला बुधीबाई म्हणायला लागले, तर तिने विचारलं, "काय गो, मी म्हातारी दिसूं लागली काय?"

कमरेला कायम गलोल खोचलेली. मातीच्या भाजलेल्या गोळ्या ओटीत. आमच्या केंद्रामागच्या फणसावरचं वानर तिने बसल्या जागेवरून पळवलेलं मी पाहिलं आहे. नेम चुकणं हा प्रकार तिला ठाऊक नव्हता. मार खायचीही तिची एक रीत होती. "मार खायचा तर उभ्यानं खावा," म्हणायची, "आडवा पडला का लाथा फुकटच्या." वाडीतल्या बायका नवऱ्याचा मार खाऊन आल्या की आधी त्यांना हेच शिकवायची आणि मग जाऊन नवऱ्याला बदडायची. तिचा स्वतःचा नवरा कोंड्या गरीब गाय होता. तो तिला घाबरून असायचा.

आणि तिचा एक कायदा होता. वाडीत कुणी वही घेऊन आला की त्याला खरं सांगायचं नाही. शिक्षक येवो, ग्रामसेवक येवो, मी येवो. मी लसीकरणाच्या नोंदी करायला गेले तेव्हा एका पोराची तीन नावं मला तीन आठवड्यांत मिळाली. मी चिडून आरडाओरडा केला, तर बुधी शांतपणे म्हणाली, "सुई टोच ना तू, नाव कशाला टोचायचं हाय?"

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आधी पुण्याकडचे एक प्राध्यापक आले. मानववंशशास्त्राचे. माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला खोटं बोलू? पोरांना बिस्किटं आणायचे, उन्हातान्हात पायी फिरायचे. राहायला मात्र खोताकडे. खोत म्हणजे तात्या खोत. आंब्याच्या बागा, काजू, आणि तो कातकरवाडीचा अख्खा माळ कागदोपत्री त्यांचा. सरांनी मला बरोबर घेतलं, कारण वाडी मला ओळखत होती आणि त्यांना बोटाचं रक्त हवं होतं. त्या वाडीतल्या चौतीस माणसांच्या बोटांना मी सुया टोचल्या. कशासाठी, ते त्यांना कुणी सांगितलं नाही. मलाही कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

सरांकडे एक लोखंडी चिमटा होता, दोन वाकड्या पायांचा. त्याने ते डोकं मोजायचे. पुढून मागे, मग या कानापासून त्या कानापर्यंत. नाकाची रुंदी वेगळी. मग केसांची एक बट कापून पाकिटात. बायका लाजून मरत होत्या. बुधीची पाळी आली. तिने मुकाट्याने मोजून घेतलं, आणि सर आकडा लिहायला वळले तर चिमटा त्यांच्या हातातून काढून घेतला. "बस," म्हणाली. सर हसत हसत बसले. तिने त्यांचं डोकं चारी बाजूंनी मोजलं, नाक मोजलं, कान ओढून बघितले, आणि वाडीला ओरडून सांगितलं, "डोका मोठा हाय गो! पण टक्कल पडलाय, बट कशाची कापू?" वाडी लोळून लोळून हसली. त्या दिवसापासून त्यांचं नाव 'डोकीवाले सर' पडलं.

मग प्रश्न सुरू झाले. "आजोबांचं नाव?"

"शिंगाळ्या."

"पणजोबा?"

"वाम्या."

"चुलते?"

"बोयट्या, खवल्या नि धाकटा निवट्या."

सर झरझर लिहीत होते. अहो, मी मांडवीची! शिंगाळा, वाम, बोयट, निवटा. बाईने खाडीतले सगळे मासे घराण्यात घातले होते. मी तोंडाला पदर लावला आणि मूग गिळून बसले. मोठी मजा वाटली होती मला तेव्हा.

शेवटी सरांनी विचारलं, "इथे किती वर्षं राहता?"

बुधीने क्षणाचाही वेळ घेतला नाही. "आमी काल आलाव, उद्या जाव."

तेही त्यांनी लिहिलं.

परतीच्या वाटेवर ती मला उतारापर्यंत सोडायला आली. मी म्हटलं, "बुधे, एवढं खोटं? बिचारा लांबून आलाय." तेव्हा तिने तिच्या बापाची गोष्ट सांगितली. ती दहा-बारा वर्षांची असताना गावात कुठेतरी भांडी चोरीला गेली. पोलीस वही घेऊन आले आणि वाडीत कोण कोण राहतं ते लिहून घेतलं. बाप साधा, त्याने नाव सांगितलं, घर दाखवलं. झालं. त्यानंतर पंचक्रोशीत कोंबडी हरवली तरी शिपाई सरळ त्याच्याच दाराशी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं. तिसऱ्या खेपेला त्याचे दोन्ही तळवे काठीने असे फोडले की तो पुढे कधी उभा राहिला नाही. फरफटत अंगणात यायचा. त्या पावसाळ्यात जखमेत किडे पडून तो मेला. ते किडे बुधी काडीने काढायची.

"नाव लिवला का काठीला वाट गावते," ती म्हणाली. "म्हणून काल आलाव, उद्या जाव. इथं कोणच नाय रेत. समजला?"

मी मान डोलावली. समजलं होतं कुठे?

दिवाळी झाली की वाडी ओस पडायची. धडधाकट माणसं वीटभट्ट्यांवर जायची ती आगोटीला, पाऊस तोंडावर आला की परतायची. आगाऊ उचल घेतलेली असायची, त्यामुळे भट्टी सोडता येत नसे. २००० सालच्या फेब्रुवारीत बुधीची मुलगी रंगी भट्टीवर सात महिन्यांची गरोदर होती. चक्कर येऊन बसली म्हणून मुकादमाने कमरेत लाथ घातली. एक नाही, बसून राहिली म्हणून आणखी दोन. दोन दिवस रक्त जात होतं. तिसऱ्या दिवशी मेली. भट्टीवाल्याने सांगितलं, तिथेच कुठेतरी पुरा. बुधीने ऐकलं नाही. विटांच्या ट्रकमध्ये मागे प्रेत घेऊन ती चाळीस मैल आली. माझ्याकडे आणली ती 'मेली का नाय ते बघ' म्हणायला. बघायचं काय होतं त्यात?

मी तिला आंघोळ घातली. माझ्या कपाटात हळदीकुंकवाला मिळालेल्या हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, त्या भरल्या. वाडीच्या वरच्या अंगाला त्यांच्या माणसांची पुरायची जागा होती, तिथे तिला पुरलं, वर जांभ्या चिऱ्याचे तुकडे रचले. डॉक्टरांनी लिहिलं, 'पडून मृत्यू'. मी तेव्हा त्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण लिहिलेलं काही बदललं नाही.

दहाव्या दिवशी बुधी एकटी एसटीत बसून भट्टीवर गेली. मुकादम जेवत होता. तिने कोयत्याने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं तोडली. मान तोडायला गेली होती, त्याने हात मध्ये घातला. दोन महिने ती कोठडीत होती. तिथे तिचे पुढचे चार दात गेले. सुटून आल्यावर मी विचारलं तर म्हणाली, "त्याची दोन गेली, माझी चार. हिशोबात मी कच्चीच." त्यानंतर मात्र ती भट्टीवर गेली नाही. वाडीतच राहायची, म्हाताऱ्यांसोबत.

म्हणून पुढे वाडीवर वेळ आली तेव्हा उभी राहायला ती एकटीच होती.

मध्यंतरी डोकीवाल्या सरांचं पुस्तक निघालं. त्यांनी एक प्रत तात्या खोतांना सप्रेम भेट पाठवली. पाहुणचाराची परतफेड, दुसरं काय! त्याच सुमारास खोतांचं चिरेखाणवाल्याशी ठरलं होतं. माळाच्या पोटात चांगला चिरा आहे असं निघालं, आणि त्या चिऱ्यावर वाडीची एकोणीस घरं बसलेली.

२००२ च्या मार्चमध्ये, भर दुपारी, वाडीतली माणसं भट्टीवर असताना, जेसीबी आणि खोताची पंधरा-वीस माणसं माळावर चढली. रॉकेल त्यांनी बरोबर आणलं होतं. कुडाची घरं ती, वर गवत. वाळलेलं. मी केंद्राच्या पायरीवरून धूर पाहिला आणि धावत सुटले. पोचले तेव्हा सात घरं जळत होती. दावणीची शेळी जिवंत जळत होती, आणि तिचा आवाज माणसासारखा येत होता. बुधी वाटेच्या मधोमध उभी राहून गलोल मारत होती. एकाचे दात पडले होते, एकजण डोळा धरून बसला होता. जेसीबीवाला यंत्र सोडून पळाला होता. मग मागून एकाने फाटकाच्या आडव्या काठीने तिच्या डोक्यात घातली. ती पडली नाही. दुसरी घातली तेव्हा गुडघ्यावर आली, पण आडवी झाली नाही. उरलेली बारा घरंही त्यांनी पेटवली.

आंधळा लखमा म्हणून एक म्हातारा होता. तो घरातच राहिला. त्याला ओढून काढला तेव्हा कमरेखालची कातडी चादरीला चिकटून राहिली. तिसऱ्या दिवशी माझ्या केंद्रात त्याने प्राण सोडला. पोलिसांच्या कागदावर आलं, 'चुलीच्या ठिणगीने आग'. एकोणीस चुलींच्या ठिणग्या दुपारी दोन वाजता एकदम उडल्या म्हणे! मी जबाब दिला. तो कुठे गेला ते देव जाणे.

वाडी भट्टीवरून परतली आणि त्याच राखेवर पुन्हा कूड उभे केले. खोतांनी मामलेदारांकडे अर्ज केला की ही माणसं घुसखोर आहेत, हलवा. वाडीने उलट अर्ज केला की आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथेच, घराखालची जागा आमच्या नावावर करा. तो अर्ज मी लिहिला. बुधीने अंगठा शाईत बुडवला, पदराला पुसला, पुन्हा बुडवला आणि मग उठवला. दोन वेळा डोकं फुटलं तेव्हा नाही कचरली बाई. कागदावर स्वतःहून खरं नाव ती पहिल्यांदा देत होती.

सुनावणीला खोतांचे वकील उभे राहिले. हातात सरांचं पुस्तक. खूण घातलेलं पान उघडून त्यांनी वाचलं. "सदर जमात भटक्या वृत्तीची असून विशिष्ट भूमीशी तिचे नाते आढळत नाही. प्रस्तुत वस्ती तात्पुरती आहे. वस्तीतील एका ज्येष्ठ स्त्रीच्याच शब्दांत सांगायचे तर, आम्ही काल आलो, उद्या जाऊ."

बुधी पुढे झाली. "तो माजाच बोल हाय. मी खोटा सांगितला."

"बरं," वकील म्हणाले. "म्हणजे तुम्ही खोटं बोलता."

"वहीवाल्याला बोलते."

"मामलेदार साहेबांच्या समोरही वहीच आहे." ते हसले, आणि खोलीत सगळे हसले. "तेव्हाचं खोटं की आत्ताचं?"

मी मध्ये उठून मासे सांगितले. शिंगाळ्या, वाम्या, निवट्या. वकील म्हणाले, "सिस्टर, तुम्ही तिथे हजर होतात ना? मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी खाली बसले. हात दाखवून अवलक्षण!

सरांना मी पत्र लिहिलं. उत्तर आलं, सभ्य भाषेत. घडलेल्या प्रकाराचं दुःख आहे, परंतु माहिती शास्त्रीय पद्धतीने गोळा केली आहे, माहिती देणाऱ्याने जे सांगितले तेच नोंदवले आहे, सध्या परदेशी निघालो आहे. मी ते बुधीला वाचून दाखवलं आणि सरांना शिव्या घातल्या. ती म्हणाली, "त्याला का घालतंस? मी मासे दिले, त्यानं खाल्लान. त्यानं इचारला नाय का मी खोटा का बोलते. पण मी सांगितला पण नाय ना गो." मग बिडी पेटवली. "आमच्या खोट्यानं आमची चामडी वाचायची," म्हणाली. "आता त्यानंच जागा जातेय."

मामलेदारांनी शेवटी जागेवर जाऊन पंचनामा करायचं ठरवलं. हा मामलेदार तरुण होता, नवीन होता आणि त्याला खरोखरच काय ते बघायचं होतं, एवढं त्याचं श्रेय. थंडीचे दिवस. खोत, त्यांचे वकील, तलाठी, पोलीस, अर्धं गाव, आणि भट्टीवर न जाता थांबलेली सगळी वाडी. पिढ्यांचा पुरावा काय, असं मामलेदारांनी विचारलं. कागद नाही, घरपट्टी नाही, घरं तर आठ महिन्यांची. बुधी त्यांना वरच्या अंगाला घेऊन गेली. "ही आमची माणसा," म्हणाली. चिऱ्यांचे ढीग होते, पन्नास-साठ, जुने मातीत बुडालेले.

खोत म्हणाले, "दगड काय, कोणीही रचेल. बांधाचे दगड आहेत हे. माझ्या आजोबांनी काढून टाकलेले."

वकिलांनी मान हलवली. मामलेदार तलाठ्याला सांगू लागले, "लिहा, दगडांचे ढीग."

बुधीने कोंड्याच्या बाजूला ठेवलेली कुदळ उचलली. मला वाटलं, आता खोताचं डोकं जातं. पोलीसही पुढे सरसावले. पण ती वळली आणि रंगीच्या दगडांवर कुदळ घातली.

वाडीत एकच आकांत झाला. मेलेल्याला उघडं करायचं नाही. आपण करत नाही, ते करत नाहीत, कोण करतं? कोंड्या, तो गरीब कोंड्या, ओरडत आला, "माज्या पोरीला उघडी करतंस? रांडे, माज्या पोरीला?" आणि हातातला दांडा त्याने तिच्या डोक्यात घातला. रक्त डोळ्यांत उतरलं. तिने पदराने डोळे पुसले आणि खणत राहिली. त्याने दुसरा घातला. ती खणत राहिली. तिसऱ्याला त्याचा हात उठला नाही, आणि तो तिथेच बसून छाती बडवायला लागला. कुणी तिला धरायला धजेना. मामलेदार "थांबा, थांबा" म्हणत होते.

कमरेएवढ्या खड्ड्यात उतरून तिने शेवटी कुदळ टाकली आणि हाताने माती काढली. मग एक हाड वर धरलं, हाताचं. त्यात माझ्या हिरव्या बांगड्या होत्या, चार शाबूत, दोन फुटलेल्या. आणि मग तिने ओंजळीत आणखी काहीतरी घेतलं. लहान लहान, चिमणीच्या हाडांएवढं. ते मामलेदारांच्या पुढे केलं.

"ही रंगी. हा तिच्या पोटातला. शेजारी माजा बाप, त्याची पायाची हाडा फुटलेली गावतील. वर माजी आय. तिच्या वर तिची आय." डोक्यातलं रक्त तिच्या ओंजळीत पडत होतं. "कुठवर खणू ते सांग तू. तू थांब म्हणशील तिथं थांबते."

मामलेदार झाडाकडे जाऊन ओकले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक होता. मी पुढे होऊन सांगितलं की बांगड्या माझ्या, मी भरल्या, तारखेसकट सांगते. खोत "हा तमाशा आहे" असं काहीतरी म्हणाले. मामलेदारांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. "लिहा," ते तलाठ्याला म्हणाले, "दफनभूमी. जुनी."

मी तिला अकरा टाके घातले, तिथेच, खड्ड्याच्या काठावर. त्या दिवशी ती रडली. टाक्यांनी नाही.

निकाल लागायला सव्वा वर्ष गेलं. एकोणीस घरांखालची जागा आणि वरची पुरायची जागा वाडीच्या नावावर झाली. खोत अपिलात गेले आणि हरले. चिरेखाण दुसरीकडे गेली. कागद वाटायला मामलेदार स्वतः आले होते. बुधीने अंगठा उठवला, कागद कोंड्याच्या हातात दिला, आणि त्याच दुपारी तवा, कोयता आणि टोपली घेऊन वाडीच्या बाहेर पडली. ज्याने पुरलेल्याची झोप मोडली त्याने तिथे चूल मांडायची नाही, असं ती म्हणाली. वाडी पाया पडली. कोंड्याने तिचे पाय धरले. तिला मारणाऱ्यांत तोच एक असा होता ज्याला तिने कधी शिव्या दिल्या नाहीत. ती म्हणाली, "तू मारलास ता बरोबर. पण खणला ता पण बरोबर." आणि खाली नदीकाठी प्लास्टिक टाकून राहायला गेली. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायची आणि केळशीच्या बाजाराला नेऊन विकायची.

माझी बदली परत रत्नागिरीला झाली तेव्हा, २००५ साली, जाण्याआधी पोलिओचा शेवटचा डोस द्यायला मी वाडीवर गेले. घरांवर कौलं आली होती. वाडीभोवती त्यांनी दगडांचा गडगा घातला होता, मांडीएवढा उंच. त्या गडग्याच्या बाहेर बुधी उभी होती. आतून कोंड्याने तांब्या पुढे केला. ती गडग्यावरून वाकून पाणी प्यायली, तांब्या परत दिला, टोपलीतल्या चिंबोऱ्या आत ठेवल्या. कोणाचं कौल गळतं, कोणाचं पोर खोकतं, सगळी चौकशी केली. मग मला बघून हसली, बिनदातांची.

मला राहवलं नाही. कसला हा अन्याय! मी म्हटलं, "बुधीबाई, पुरे झालं आता. जागा तुझ्यामुळे मिळाली. दोन पावलं आत आलीस तर कोण विचारणार आहे तुला?"

"कोणच नाय इचारणार," ती म्हणाली. "आमच्या जागेत कोणी यायचा नि कोणी नाय, ता आता खोत नाय ठरवत. मी ठरवते."

कोंड्या मान खाली घालून तांब्या विसळत होता. तिने रिकामी टोपली डोक्यावर पालथी घातली आणि गडग्याच्या कडेकडेने, आत न बघता, नदीकडे उतरून गेली. रोज येते, कोंड्या म्हणाला, पाणी पिते आणि जाते.